मेडिकल बोर्डाच्या कागदावरचा ‘नाना’ : डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा पहिल्यांदाच करणाऱ्या माजी सैनिकांसाठी

रविवारी सकाळी बेल वाजते. दारात चाळिशीचा माणूस, केस अजून पलटणीतल्यासारखे बारीक कापलेले, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. "साहेब, तुम्ही अपील लिहून देता म्हणे." मी बसायला सांगतो, आतून चहा येतो, आणि मी एकच विचारतो : मेडिकल बोर्डाचा कागद आणलाय का? पिशवीतून डिस्चार्ज बुक निघतं, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, निघतो, पदकांचे फोटो निघतात, एकदा तर आमदारांचं शिफारसपत्र लॅमिनेट करून आणलेलं निघालं. बोर्डाचा, म्हणजे नोकरी सोडताना तब्येत तपासून अपंगत्व ठरवणाऱ्या फौजी डॉक्टरांच्या मंडळाचा, कागद मात्र क्वचितच निघतो. आणि भांडण तर सगळं त्या कागदाशीच आहे.

भांडुपला राहायला आल्यापासून हे चालू आहे. मी वकील नाही. फौजेत सतरा वर्षं काढली, एक कान तिथेच ठेवून आलो, आणि स्वतःचा दावा लढताना जे कळलं ते आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कामी येतं. माझी पलटण आणि माझं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे नोकरीचे कागद सांभाळणारं कार्यालय, कुठलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी मला फिरवलं ते बाबू कधीच रिटायर झाले.

आधी हिशेब समजून घ्या

डिसॅबिलिटी पेन्शनला दोन अटी आहेत. आजार किंवा इजा नोकरीमुळे झालेली हवी, नाहीतर आधीपासूनची असली तरी नोकरीमुळे बळावलेली हवी. आणि बोर्डाने ठरवलेली टक्केवारी किमान २० हवी. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पैसे.

पैसे किती, तर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. शेवटचा पगार ४०,००० असेल आणि बोर्डाने २० टक्के दिले असतील, तर सरळ हिशेबाने २,४०० रुपये होतात. पण इथे ‘ब्रॉड बँडिंग’ नावाची गोष्ट आहे, आपल्या भाषेत वरच्या आकड्याला नेणं : ५० च्या आतले सगळे ५० धरायचे, ५० ते ७५ वाले ७५, आणि त्यावरचे १००. म्हणजे तेच २० टक्के ५० धरले जातात आणि २,४०० चे ६,००० होतात, वर महागाई भत्ता. पूर्वी हा फायदा फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळायचा. पूर्ण नोकरी करून निघालेल्यांनाही तो द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात सांगितलं. जुन्या मंडळींपैकी काहींच्या पीपीओवर अजूनही कच्चा २० टक्केच छापलेला असतो. आपला काढून बघा.

तुम्ही २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडला असाल तर तुम्हाला त्या तारखेचे नवे नियम लागतात. त्यांत अपंगत्व असूनही नोकरी पूर्ण करणाऱ्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव दिलंय. म्हणून कुणा जुन्या मित्राचं अपील उतरवून काढण्याआधी दोघांच्या डिस्चार्जच्या तारखा ताडून बघा.

अजून एक गोंधळ मुंबईत नेहमी दिसतो. सरकारी हॉस्पिटलातून काढलेलं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं कार्ड घेऊन लोक येतात आणि म्हणतात, यात ४५ टक्के लिहिलंय, मग फौज २० का देते? ते कार्ड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं, तिथली रेषा ४० टक्क्यांची, आणि त्याचे फायदे वेगळे. फौजेची पेन्शन फक्त फौजेच्या बोर्डावर चालते. कार्ड जवळ असू द्या, पण अपिलात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

अजून वर्दीत असाल तर

तर तुम्ही नशीबवान, कारण सगळ्यात स्वस्तातलं काम तुमच्या हातात आहे. रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे बाहेर पडतानाच्या तपासणीच्या, फॉर्ममध्ये, एएफएमएसएफ-१६ मध्ये, एक भाग तुम्ही स्वतः भरायचा असतो. नोकरीला लागण्याआधी हा त्रास होता का, आता काय त्रास आहे, तो कुठे आणि कधी सुरू झाला. निरोपाचे दिवस असतात, ट्रंक रंगवून झालेली असते, कोकण रेल्वेचं तिकीट खिशात असतं. क्लार्क म्हणतो इथे सही कर, आपण करतो.

मी तेच केलं. ‘सध्या काही त्रास आहे का’ यापुढे मी ‘नाही’ लिहिलं. कानात दिवसरात्र शिट्टी वाजत होती, पण वाटलं, त्रास लिहिला तर घरी जायला उशीर होईल. त्या दोन अक्षरांनी माझी सहा वर्षं खाल्ली.

इजा असेल तर त्या वेळचा इजा अहवाल, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली चौकशी, झाली असेल तर तिचा निष्कर्ष, यांच्या प्रती युनिटमध्ये असतानाच घ्या. युनिट हलली की तो कागद कुठल्या पेटीत गेला ते कुणालाच सांगता येत नाही. हृदयविकाराचा झटका असेल तर त्याआधीच्या चौदा दिवसांत काय ड्युटी होती याचा तक्ता बोर्डासमोर लागतो. तो युनिटच बनवते, आणि मागे लागल्याशिवाय बनवत नाही.

कागद मिळवणं

बाहेर पडलेल्यांनी सुरुवात इथून करायची. नाकारल्याचं पत्र आलं असेल किंवा नसेल, अपील लिहायला बसू नका. आधी मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही मागवा. पहिलं पान नव्हे, संपूर्ण.

कुठून? फौजेच्या जवानांचं रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. नौदलाच्या खलाशांचं मात्र आपल्या मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स. हार्बर लाइनवर राहणाऱ्या नेव्हीवाल्याला हा फायदा मोठा आहे, तरीही तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज लिहून न्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या.

साधा अर्ज केलात आणि महिनाभरात काही आलं नाही, तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि संरक्षण खात्यासाठी केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो. अर्जात ‘माझी सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. तसं लिहिलं की ‘माहिती विशिष्ट नाही’ असं उत्तर येतं. नेमकं मागा :

रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग (आजारामुळे मुदतीआधी काढतानाच्या) मेडिकल बोर्डाची सर्व पानं, बोर्डाच्या मतासह;
भरतीच्या वेळच्या मेडिकल तपासणीचा कागद;
सर्व नेमणुकांची तारखांसह यादी, फील्ड (मोहिमेच्या भागात) की पीस (शांत ठाण्यावर) यासकट;
दावा नाकारल्याच्या आदेशाची प्रत, तो पोस्टात टाकल्याच्या नोंदीसह.

शेवटची ओळ नवख्यांना फालतू वाटते. तिचं काम पुढे आहे, मुदतीच्या वेळी.

एक इशारा. ज्यांना कुठलीच पेन्शन नाही त्यांचे सर्व्हिस डॉक्युमेंट २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. दहा-अकरा वर्षांच्या नोकरीनंतर ‘अनफिट’ म्हणून घरी आलेले काका गावाकडे असतील, तर हा लेख वाचून संपवण्याआधी त्यांच्या डिस्चार्जचं साल विचारा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाबद्दल थोडं. मुंबई शहराचं वेगळं, उपनगराचं वेगळं. तिथे ओळखपत्र होतं, कल्याण निधीचे अर्ज होतात, रेकॉर्ड ऑफिसला पत्र पुढे पाठवलं जातं. पेन्शन मंजूर करणं त्यांच्या हातात नाही. तिथल्या टेबलावर हात आपटून काही होत नाही, समोरचा माणूसही बहुधा आपलाच जुना हवालदार असतो.

ती ओळ वाचायची कशी

कागद आला. आता चष्मा लावा आणि बोर्डाच्या मताचं पान शोधा. सगळं इंग्रजीत असतं, आणि तिथे बहुधा लिहिलेलं सापडतं की आजार ‘नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’, म्हणजे नोकरीमुळे झालेलाही नाही आणि बळावलेलाही नाही. आद्याक्षरं जुळवली की एन-ए-एन-ए. मी त्याला नाना म्हणतो. आपल्या घरातला नाना जसा एकदा नाही म्हणाला की कारण सांगत नाही, तसाच हा.

पण फौजेतल्या नानाला कारण सांगावं लागतं, आणि सगळी लढाई त्या कारणाशी आहे. लोक अपिलात लिहितात, मी देशाची इमानदारीने सेवा केली, माझी मुलं लहान आहेत, आई आजारी आहे. खरं असतं सगळं. पण अपील वाचणाऱ्याला प्रश्न वेगळा पडलेला असतो : बोर्डाने दिलेलं कारण चूक कसं? त्याचं उत्तर तुमच्या दोन पानांत नसेल, तर त्याने काय करायचं?

मागच्या पावसाळ्यात एक हवालदार आले होते, ब्लडप्रेशरचा दावा. जेवणाच्या टेबलावर आम्ही पानं पसरली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या. बोर्डाने लिहिलं होतं, आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणून नोकरीशी संबंध नाही. मी नेमणुकांची यादी शेजारी ठेवली आणि तारखांवर बोट फिरवलं. आजार पहिल्यांदा कागदावर आला नोव्हेंबरमध्ये. पीस स्टेशनला ते हजर झाले त्याच वर्षीच्या जूनमध्ये. त्याआधीची अडीच वर्षं? काश्मीर, घुसखोरीविरोधी ड्युटी. म्हणजे पाच महिन्यांत आजार दिसला, पण तयार कुठे झाला? फौजी डॉक्टरांसाठी जी सरकारी मार्गदर्शिका आहे, गाइड टू मेडिकल ऑफिसर्स, तीच सांगते की फील्ड, अतिउंचीवरची किंवा अशांत भागातली नेमणूक आणि ब्लडप्रेशर यांचा काळ जवळचा असेल तर आजार बळावल्याचा विचार करावा. हवालदार बराच वेळ त्या दोन तारखांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तर माझ्याकडेच होतं."

कारणं साधारण ठरलेली असतात. ‘पीस स्टेशन’ला उत्तर वर आलंच.

‘कॉन्स्टिट्यूशनल’ किंवा ‘इडिओपॅथिक’, म्हणजे शरीराच्या ठेवणीतलाच आजार, असं लिहिलं असेल तर धरमवीर सिंग यांचा निकाल हाताशी ठेवा. सिग्नल्समधला हा शिपाई, १९८५ चा भरती, फिट्स येतात म्हणून १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वावर घरी पाठवला गेला आणि पेन्शन नाकारली गेली. २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सार असं : भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं. आजार नोकरीमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, जवानावर नाही. संशयाचा फायदा जवानाला. आणि भरतीच्या वेळी तपासणीत हा आजार सापडणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर तसं कारणासह लिहायला हवं. भरतीच्या तपासणीचा कागद मागायला सांगितला तो यासाठीच. त्यावर ‘फिट’ लिहिलेलं असलं की तो तुमचा साक्षीदार.

‘टक्केवारी २० पेक्षा कमी’ असेल तर गोष्ट वेगळी. मुदत पूर्ण करून निघालेल्याने इथे फार आशा धरू नये, असं माझं मत. पण आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवला गेला असेल, तर सुखविंदर सिंग प्रकरणातला २०१४ चा निकाल पाहा. नोकरीला नालायक ठरवून बाहेर काढलंत, तर अपंगत्व २० च्या वरच असलं पाहिजे, असं तिथे म्हटलंय.

आणि ज्या बोर्डाने कारणच दिलेलं नाही, नुसता नाना बसवलाय, तिथे तेवढंच लिहा : कारण दिलेलं नाही. यावर फुलं चढवायची गरज नाही.

अपील

पहिलं अपील नाकारल्याच्या आदेशापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलाच्या समितीकडे. तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. दोन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात नंबर, हुद्दा, नाव, डिस्चार्जची तारीख, कोणता आदेश. दुसऱ्यात बोर्डाचं कारण, त्याच्याच शब्दांत, पान क्रमांकासह. तिसऱ्यात ते का चूक आहे, तारखा घालून. शेवटी काय हवं ते : अपंगत्व नोकरीमुळे बळावल्याचं मान्य करावं आणि ब्रॉड बँडिंगसह पेन्शन द्यावी.

बायकोने किंवा मुलाने एकदा मोठ्याने वाचून दाखवावं. जिथे वाचणारा अडखळतो, तिथे समितीही अडखळणार.

स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अपिलाच्या प्रतीला टाचा, आणि इंटरनेटवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की त्याची प्रिंट काढा. काही महिन्यांनी ती नोंद दिसेनाशी होते.

आता ती पोस्टाची नोंद. नाकारल्याचं पत्र गावच्या पत्त्यावर गेलेलं असतं, तुम्ही मुंबईत. चुलत्याने घेतलं, देवघरातल्या फडताळात ठेवलं, तीन वर्षांनी गणपतीला गेल्यावर तुमच्या हातात दिलं. पत्र कधी निघालं आणि तुम्हाला कधी मिळालं हे कागदावर दाखवता आलं, तर उशीर माफ करण्याच्या अर्जाला काहीतरी आधार राहतो.

टक्केवारीवर काम करणारे एजंट भेटतील. थकबाकीत हिस्सा मागतात आणि अपील मात्र सगळ्यांचं एकच, नावं बदलून. मी अशा अपिलात तोफखान्याच्या माणसाला पाणबुडीवर चढवलेलं पाहिलंय.

मलबार हिल

दोन्ही अपिलं फेटाळली गेली, किंवा अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याने झालेलं हे कोर्ट. मुंबईचं खंडपीठ महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याचे दावे घेतं आणि मलबार हिलवर ए. जी. बेल मार्गावरच्या एमटीएनएलच्या इमारतीत बसतं. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी केलेली बरी, चढण आहे, आणि गुडघ्यांचेच दावे घेऊन जाणारे पुष्कळ.

अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. इथे २००८ चा तरसेम सिंगचा निकाल उपयोगी पडतो : पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय चालूच असतो आणि उशीर झाला म्हणून दावा संपत नाही. थकबाकी मात्र सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. वीस वर्षं थांबलेल्या माणसाची सतरा वर्षं अशी हवेत जातात.

वकील करावा का? करावा. फौजेच्या केसेस रोज लढणारा करावा, भाच्याच्या मित्राला नको. फी आधीच लिहून घ्या.

सुनावणीला जायला कंटाळू नका. माझ्या तारखेला पुकारा झाला आणि मी शांत बसून राहिलो. दुसऱ्यांदा पुकारा झाला, बायकोने कोपर मारलं तेव्हा उठलो. ऐकू न येण्याचा दावा आणि नाव ऐकू आलं नाही! सरकारी वकीलसुद्धा हसले.

जिंकलात तरी निकालाला सरकार हायकोर्टात आव्हान देऊ शकतं. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा तो रस्ता मोकळा असल्याचं स्पष्ट केलं, जवानांसाठीही आणि सरकारसाठीही. स्टे नसेल आणि दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर अंमलबजावणीसाठी त्याच न्यायाधिकरणात अर्ज करा. वाट पाहत बसलात तर फाइलही बसून राहते.

मंजूर झाल्यावर

नवा पीपीओ ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. लॉगइन मुलाच्या मोबाइलवर काढलं असेल तर नंबर बदलून स्वतःचा घाला, मुलगा दुबईला गेला की ओटीपी तिकडे जातो. टक्केवारी, ब्रॉड बँडिंगनंतरचा आकडा, आणि रक्कम कुठल्या तारखेपासून धरली, हे तीन रकाने निकालाच्या प्रतीशी ताडून बघा. चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. हयातीचा दाखला वर्षाला एकदा, नाहीतर सगळीच पेन्शन थांबते.

आणि नावं. रेकॉर्डमध्ये ‘रामचंद्र धोंडी’ आणि आधारवर आडनावासकट नाव, हे आपल्याकडे घरोघर आहे. त्याहून वाईट म्हणजे बायकोचं. लग्नानंतर नाव बदललेलं, फौजेत माहेरचं लिहिलेलं, रेशनकार्डावर तिसरंच. तुम्ही आहात तोवर ते कुणी विचारत नाही. फॅमिली पेन्शनच्या वेळी विचारतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला ती एकटी असते. म्हणून नवा पीपीओ हातात आला की त्याच आठवड्यात तिचं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्ड ऑफिसमध्ये दुरुस्त करायला अर्ज टाका, विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जोडून. माझ्या घरचा तो अर्ज मीच लिहिला, बायकोने तपासला, आणि स्वतःच्याच जन्मतारखेत मी केलेली चूक तिने काढली.